संशयितांची सुटका

१८१९ साली लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे जॉन बोस्टॉक या डॉक्टराने एका रुग्णाची हकिगत वाचून दाखवली. जून महिना लागला की डोळे लाल होऊन चुरचुरतात, शिंकांवर शिंका येतात, छाती भरते, धाप लागते आणि उन्हाळा सरला की सारे आपोआप ओसरते. हा रुग्ण म्हणजे बोस्टॉक स्वतःच होता. पुढे त्याने असेच आणखी २८ रुग्ण गोळा केले आणि १८२८ मध्ये दुसरा निबंध वाचला. इंग्लंडातले सामान्य लोक तेव्हा सांगत होते की हा त्रास कापून वाळत घातलेल्या गवताने होतो. बोस्टॉकने ही समजूत नाकारली आणि दोष उन्हाच्या तापाला दिला. त्याचे निरीक्षण काटेकोर होते आणि वर्णन तर आजही उपयोगी पडेल इतके नेमके. चूक झाली ती एकाच ठिकाणी. ऊन आणि शिंका एकाच वेळी येतात एवढे पाहून त्याने उन्हाला धरले. शिंका असताना ऊन नसेल तर काय होते, आणि ऊन असून दुसरे काही नसेल तर काय होते, हे त्याने पुरेसे तपासले नाही.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टराच्या कामाचा इतिहास एरवी सांगितला जातो तो सापडलेल्या गुन्हेगारांचा: पराग, घरातल्या धुळीतला माइट, मधमाशीचे विष, शेंगदाणा. हा इतिहास उलट्या बाजूने वाचला तर जास्त समजतो असे मला वाटते. ज्यांच्यावर उगाच आळ आला त्यांची सुटका करणे हा या कामाचा अवघड आणि मोलाचा भाग आहे, आणि तो शिकायला या विद्येला दीडशे वर्षे लागली. आरोप करणे कोणालाही जमते. आजी करते, शेजारी करतात, रुग्ण तर करतोच. एखादी गोष्ट खाल्ली, दुसऱ्या दिवशी अंगावर पित्त उठले, झाला निवाडा. डॉक्टराची गरज लागते ती हा निवाडा फिरवायला. या डॉक्टरांनी जिथे सुटकेचे काम चोख केले तिथे विद्या पुढे गेली. जिथे तेही आरोप करणाऱ्यांत सामील झाले तिथे कधी त्यांचे उपाय फोल ठरले, तर कधी रुग्णाचे नुकसान झाले.

बोस्टॉकचे अर्धवट राहिलेले काम मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने पुरे केले. तो होमिओपॅथ होता, त्यामुळे त्या वेळच्या प्रतिष्ठित डॉक्टरमंडळींत त्याला फारसा मान नव्हता, आणि तोही या रोगाचा रुग्ण होता. १८७३ मध्ये त्याचे पुस्तक आले. त्यात परागकण हे कारण म्हणून सिद्ध केले आहेत हे सगळे सांगतात, पण त्याच्या आधी त्याने किती संशयितांना एकेक करून मोकळे केले ते फारसे सांगितले जात नाही. गवताला जो गोड वास येतो तो कुमारिन या द्रव्याचा; तो हुंगून पाहिला. बेंझॉइक आम्ल पाहिले. हवेतला ओझोन त्या काळी सगळ्याच रोगांसाठी धरला जाई, तोही पाहिला. प्रकाश, उष्णता, साधी धूळ यांचीही पाळी आली. यातल्या कशानेही तो ठरावीक, पुन्हा पुन्हा तसाच होणारा त्रास झाला नाही. मग त्याने निरनिराळ्या वनस्पतींचे पराग नाकात, डोळ्यांत घालून पाहिले, हाताची कातडी खरवडून त्यावर ओले पराग लावले, आणि तिथे गांध उठली. आजच्या त्वचाचाचणीचा हा पूर्वज. चिकट काचपट्ट्या मांडून हवेतले पराग मोजले. पतंगाला काचपट्ट्या बांधून हजार फुटांच्या वर सोडले आणि तिथेही पराग आहेत हे दाखवले, म्हणजे शेतापासून दूर राहणाऱ्या शहरी माणसाला शिंका का येतात हेही सुटले. जवळजवळ त्याच काळात हर्मन हेल्महोल्ट्झसारखा थोर शास्त्रज्ञ आपल्या नाकातल्या स्रावात सूक्ष्मजंतू पाहून त्यांनाच दोषी धरत होता आणि नाकात क्विनाइनचे पाणी घालत होता. बुद्धी हेल्महोल्ट्झपाशी कमी नव्हती. ब्लॅकलीपाशी होती ती संशयितांची यादी पुरती तपासण्याची चिकाटी.

ब्लॅकलीने आणखी एक गोष्ट नोंदवली, तिचा अर्थ लागायला मात्र विसावे शतक उलटावे लागले. परागांशी ज्यांचा सर्वांत जास्त संबंध येतो त्या शेतकऱ्यांत हा रोग कमी, आणि शिकलेल्या, सुखवस्तू शहरी लोकांत जास्त. म्हणजे संपर्क म्हणजेच रोग असे सरळ समीकरण मांडता येत नाही. कदाचित सतत संपर्काने अंगात सहनशक्ती येत असावी, असा तर्क त्यानेच करून ठेवला. शेंगदाण्याच्या प्रकरणात याची आठवण पुन्हा होईल.

१८८६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन मॅकेंझी या नाक-घशाच्या डॉक्टराने जे केले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणे काम वाटते. त्याच्याकडे एक बाई येत. गुलाब नुसता जवळ आला तरी त्यांना शिंका, डोळ्यांना पाणी, दम. मॅकेंझीने हुबेहूब दिसणारा कृत्रिम गुलाब मिळवला, त्यावर परागाचा कण नाही याची खात्री केली आणि तो पडद्याआडून काढून बाईंपुढे धरला. काही मिनिटांत नाक चोंदले, शिंका सुरू झाल्या, घशाला खाज सुटली. मग त्याने त्यांना फूल नीट पाहायला दिले. फूल कागदी आहे हे कळल्यावर बाईंचा विश्वासच बसेना. काही दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा खरा गुलाब नाकाशी धरूनही त्यांना काही झाले नाही. एका फुलाची सुटका झाली, आणि त्याबरोबर बाईंचीही.

यावर आक्षेप तेव्हाही निघाला आणि आजही निघतो: मग हा सगळा मनाचाच खेळ म्हणायचा का? अमेरिकेत जॉर्ज बिअर्डसारखे डॉक्टर या रोगाला नाजूक मज्जातंतूंचे, सुसंस्कृत वर्गाचे दुखणे मानतच होते. मॅकेंझीचा प्रयोग घाईने वाचला तर असे वाटेल खरे. पण त्या प्रयोगाने सिद्ध झाले ते एवढेच की रुग्णाची हकिगत खरी असूनही तिने धरलेला आरोपी खोटा असू शकतो. त्रास खरा होता, शिंका खऱ्या होत्या. रोग अंगात असतो याचा पुरावा १९२१ मध्ये ब्रेस्लाव शहरात मिळाला. हाइंझ क्युस्टनर याला मासे सोसत नसत. त्याच्या रक्तातला द्रव कार्ल प्राउस्निट्झने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशांचा अर्क टोचला. मासे आनंदाने खाणाऱ्या प्राउस्निट्झच्या कातडीवर त्या जागी गांध आली. रक्तात काहीतरी आहे, ते एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते, आणि त्याला मताशी किंवा भीतीशी कर्तव्य नाही. ते ‘काहीतरी’ म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन ई हे १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी शोधून काढले. तेव्हा मॅकेंझी आणि प्राउस्निट्झ यांना परस्परविरोधी साक्षीदार मानण्याचे कारण नाही. पहिला सांगतो, रुग्णाच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नका. दुसरा सांगतो, रुग्णाला खोटा ठरवू नका. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टराला ही दोन्ही बंधने एकाच वेळी पाळावी लागतात, आणि एवढ्यासाठीच हा धंदा दिसतो तितका सोपा नाही.

उपचारांची गोष्ट लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सुरू होते. तिथला लसींचा विभाग सर आल्मरॉथ राइट यांचा. हे राइट १८९८-९९ मध्ये प्लेग कमिशनचे सदस्य म्हणून भारतात आले होते. मुंबईत हाफकिनच्या प्लेगवरच्या लसीच्या गुणावगुणांची जी चौकशी झाली तिच्यात त्यांचा भाग होता. लस टोचून अंगात प्रतिकार उभा करायचा, हाच त्या विभागाचा ध्यास. त्या वातावरणात लेनर्ड नून या तरुण डॉक्टराने मानले की परागांत एक विष असते, आणि जंतूंच्या विषाविरुद्ध जशी लस टोचतात तशी परागांविरुद्धही टोचता येईल. त्याने टिमोथी गवताच्या परागांचा अर्क काढला, रुग्णाच्या डोळ्यात थेंब टाकून सहनशक्ती मोजली आणि अगदी थोड्या मात्रेपासून चढत जाणारी इंजेक्शने दिली. १९११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. नून क्षयाने खंगत चालला होता, १९१३ मध्ये तो गेला. काम जॉन फ्रीमनने चालवले. परागांत असे विष नसतेच, म्हणजे सिद्धांत साफ चुकला होता. उपाय मात्र लागू पडला. वैद्यकात असे घडते, आणि त्यातून एक वाईट सवय लागते: एकदा उपाय लागू पडला की तो सगळ्यांवर चालवायचा आणि कोणाला खरेच लागला हे मोजायचे नाही.

पुढची चाळीस वर्षे तसेच झाले. दम्याच्या रुग्णाच्या थुंकीतून जंतू वाढवायचे, त्यांचीच लस करायची आणि त्यालाच टोचायची, ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेत सर्रास होती. सेंट मेरीजच्या त्या विभागाचा खर्च बराचसा लसींच्या विक्रीवर चालत असे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तिथेच बिल फ्रँकलंड आला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर हा जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षे राहिलेला डॉक्टर. पुढे १०८ वर्षे जगून २०२० मध्ये वारला. १९५४ मध्ये फ्रँकलंड आणि ऑगस्टिन यांनी पराग-इंजेक्शनांची तुलना नुसत्या निष्क्रिय इंजेक्शनांशी केली, कोणाला काय मिळाले हे रुग्णापासून लपवून. परागाची इंजेक्शने खरोखर गुणकारी ठरली. पुढच्याच वर्षी हीच फूटपट्टी त्याने जंतूंच्या लसीला लावली, आणि ती कार्बोलिक मिसळलेल्या मिठाच्या पाण्यापेक्षा काडीभरही सरस निघाली नाही. आपल्याच दुकानातला माल तपासून त्यातला एक खरा आणि एक खोटा असे जाहीर करायला जे लागते ते त्याच्यापाशी होते. मला फ्रँकलंडचा आदर वाटतो तो यासाठी. त्याच्या वयाचे कौतुक वर्तमानपत्रांनी पुरेसे केले आहे.

अशीच तपासणी मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या दंशाबाबत व्हायला १९७८ उजाडले. ज्यांना एका दंशाने रक्तदाब कोसळून जीवावर बेतते अशा रुग्णांना कित्येक दशके सबंध माशीचा अर्क टोचला जात होता: पंख, पाय, पोट, सगळे एकत्र वाटून. रुग्ण म्हणत, आम्हाला फरक पडला. डॉक्टरही तसेच म्हणत. जॉन्स हॉपकिन्समधल्या लिक्टेनस्टाइन यांच्या गटाने रुग्णांचे तीन भाग केले. एकांना निव्वळ विष, दुसऱ्यांना सबंध माशीचा अर्क, तिसऱ्यांना निष्क्रिय द्रव. आणि मग रुग्णालयात, सगळी तयारी ठेवून, खरी माशी डसवली. निष्क्रिय द्रव मिळालेल्या १२ पैकी ७ जणांना सर्वांगाला प्रतिक्रिया आली. अर्कवाल्या ११ पैकीही ७ जणांना आली. विषवाल्या १८ पैकी फक्त एकाला. म्हणजे हजारो माणसे आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत वर्षानुवर्षे मिठाच्या पाण्याच्या मोलाचे औषध टोचून घेत होती. या उलट टोकाचा धडा ब्रिटनमध्ये मिळाला. तिथे १९८६ मध्ये औषध-सुरक्षा समितीने जाहीर केले की १९५७ पासून अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनांनी २६ मृत्यू झाले आहेत, आणि तातडीच्या उपचारांची सोय असल्याशिवाय, रुग्णाला नंतर दोन तास बसवून ठेवल्याशिवाय ती देऊ नयेत. गल्लोगल्लीच्या दवाखान्यांतून हा उपचार जवळजवळ एका रात्रीत हद्दपार झाला. काहींच्या मते समितीने अतिरेक केला. पण खरा उपायही चुकीच्या रुग्णाला, चुकीच्या जागी दिला तर जीव घेतो हे त्या आकड्यावरून नाकारता येत नाही.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्यात घडला. १९५५च्या सुमारास पुण्यात एक नवे तण दिसू लागले. बोटॅनिकल सर्व्हेच्या आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची भारतातली नवी नोंद केली. पार्थेनियम हिस्टेरोफोरस, म्हणजे आपले गाजर गवत. ओसाड जागा, रस्त्याच्या कडा, रेल्वेचे रूळ धरून ते पसरत गेले, आणि काही वर्षांत पुण्याच्या आसपास त्वचेचा एक चिवट रोग वाढताना दिसला. रुग्ण बहुतेक पुरुष, बरेचसे शेतात किंवा उघड्यावर काम करणारे. चेहरा, मान, कोपराची लवण काळवंडून जाड होई, अनावर खाज सुटे. पावसाळ्यात गवत माजले की जोर, पुढे पुढे बारमाही. उघड्या अंगावर उठणारा आणि उन्हात वाढणारा रोग म्हटल्यावर संशय कोणावर जाणार? बोस्टॉकने दीडशे वर्षांपूर्वी ज्याच्यावर घेतला त्याच्यावरच. रुग्णांना उन्हाचा त्रास आहे असे सांगणे सोपे होते. पण डोळ्यांच्या वरच्या पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालची सावली या उन्हापासून झाकल्या जाणाऱ्या जागांवरही रोग उठत होता. हवेतून उडून येणारी वस्तू तिथे पोचते, ऊन पोचत नाही. पुण्याचे डॉ. लोणकर, कॅनडातले मिचेल आणि लंडनचे कॅल्नन यांनी १९७४ मध्ये या रोगावर संयुक्त निबंध प्रसिद्ध केला, आणि पॅच टेस्टने दोष गाजर गवताच्या अंगी नक्की झाला. ही चाचणी जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन याने १८९५ मध्ये मांडलेली. संशयित द्रव्य पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवायचे आणि मग त्या जागी काय उठले ते पाहायचे. टोचून वीस मिनिटांत निकाल देणाऱ्या प्रिक टेस्टपेक्षा ही वेगळी, कारण रोगाची जातच वेगळी: इथे इम्युनोग्लोब्युलिन ई नसून पेशी हल्ला करतात, आणि त्यांना वेळ लागतो. गवताच्या केसांत असलेले पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या कणांबरोबर वाऱ्यावर जाते.

या गवताचे दुसरे नाव काँग्रेस गवत, आणि त्यामागची गोष्ट महाराष्ट्रात पाठ आहे: काँग्रेसच्या राज्यात पी. एल. ४८० खाली अमेरिकेतून जो निकृष्ट गहू आला त्यातून हे बी आले. ही गोष्ट सांगतानाही पुराव्याची तीच शिस्त पाळायला हवी. पी. एल. ४८० चा कायदा अमेरिकेत जुलै १९५४ मध्ये झाला आणि भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. रावांना गवत पुण्यात त्याआधीच दिसले होते. म्हणजे तारखा जुळत नाहीत. अमेरिकन गहू मात्र यातून सुटत नाही, कारण १९५१ च्या टंचाईतही तिथून मोठ्या कर्जावर गहू आला होता. कदाचित बी त्यातून आले असेल, कदाचित आणखी कुठून. पण ज्या योजनेच्या नावाने आपण बोटे मोडतो तिच्याविरुद्धचा खटला जसा मांडला जातो तसा टिकत नाही. आणि रोगी माणसाला या वादाचा उपयोग शून्य. त्याला हवे होते ते दुसरेच: ऊन नव्हे, गवत आहे हे कळणे, मग घराभोवतालचे गवत उपटणे, कामाची जागा बदलता आली तर बदलणे, आणि रोग फार वाढला तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. सरकारने १९८४ पासून या गवतावर जगणारा मेक्सिकन भुंगाही सोडला. गवत काही संपले नाही.

आता सर्वांत जोरदार आक्षेपाकडे येतो. तो असा की संशयाचा फायदा रुग्णाला द्यावा. एखादा पदार्थ दोषी आहे की नाही हे नक्की नसेल तर तो वर्ज्य करण्यात बिघडले काय? आपल्याकडचा सारा पथ्यविचार याच पायावर उभा आहे. इसब झाले की वांगे बंद, खोकला झाला की दही-केळे बंद, आणि चार पदार्थ सोडल्याने कोणी मरत नाही. हा आक्षेप वरवरचा नाही. सावधपणा हा डॉक्टराचा धर्मच आहे. पण सावधपणाला किंमत नसते हे गृहीतक चुकीचे निघाले, आणि ते सप्रमाण चुकीचे निघाले. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २००० मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सल्ला दिला की ज्या घरात अ‍ॅलर्जी आहे तिथल्या बाळांना सुरुवातीची वर्षे, अमेरिकेत तर तीन वर्षांची होईपर्यंत, शेंगदाणा देऊ नये. पुरावा तुटपुंजा होता, हेतू उत्तम. त्या काळात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कमी होण्याऐवजी वाढत राहिली. २००८ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली: ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहा पट. वंश तोच, फरक एवढा की इस्राएलमधली बाळे पहिल्याच वर्षात ‘बाम्बा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरीत खाणे चघळतात. मग लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळे घेतली, वय चार ते अकरा महिने, आणि निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केला. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांचे झाल्यावर वर्ज्य केलेल्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. ज्या पथ्याने रोग टळणार होता त्याच पथ्याने तो वाढवला होता. ब्लॅकलीच्या शेतकऱ्यांकडे कोणी नीट पाहिले असते तर हे इतके अनपेक्षित वाटले नसते. (आपल्या घरांत भाजी-आमटीपासून खिचडीपर्यंत कूट पडतेच, पण बाळाला द्यायचे ते मऊ करून, अख्खा दाणा श्वासनळीत अडकतो, आणि ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारून.)

चाचण्यांवर सगळा भार टाकूनही हा प्रश्न सुटत नाही. प्रिक टेस्ट काय किंवा रक्ताची चाचणी काय, शरीर त्या पदार्थाला ओळखते एवढेच सांगते. खाल्ल्यावर त्रास होईल असे सांगत नाही. चाचणीत होकार येऊनही तो पदार्थ मजेत खाणारी माणसे भरपूर आहेत. म्हणून १९७६ मध्ये डेन्व्हरच्या चार्ल्स मे यांनी मॅकेंझीची जुनीच युक्ती शास्त्रशुद्ध करून वापरली: संशयित अन्न कॅप्सूलमध्ये घालून द्यायचे, सोबत तशीच दिसणारी निरुपद्रवी कॅप्सूलही, आणि कोणती कोणती हे मुलालाही ठाऊक नाही, पाहणाऱ्या डॉक्टरालाही नाही. पालकांनी ठामपणे सांगितलेल्या प्रकरणांपैकी निम्म्याहून कमी या परीक्षेत टिकली. आज आपल्या शहरांतल्या प्रयोगशाळा शे-दोनशे पदार्थांची रक्तचाचणी करून रंगीत तक्ता देतात. त्यातल्या ज्या आयजीजी प्रतिपिंड मोजतात त्या तर अन्न पोटात जात असल्याची खूण तेवढी मोजतात. युरोपच्या अ‍ॅलर्जी अकादमीने २००८ मध्येच त्या निदानासाठी वापरू नयेत असे सांगितले आहे. असा तक्ता हाती घेऊन गहू, दूध, अंडे, डाळ सगळे बंद केलेली मुले कुपोषणाकडे जातात. आरोपपत्र पाच मिनिटांत छापून मिळते, खटला चालवायला कोणी नसते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. सेटिरिझिनची गोळी दोन-चार रुपयांत मिळते, नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवाराही आहे. मग गुन्हेगार शोधत कशाला बसायचे? परागाच्या किंवा धुळीच्या साध्या सर्दीपुरता हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. सेटिरिझिनसारख्या अँटिहिस्टामिन औषधांनी लाखो लोकांना चाचणीची गरज ठेवली नाही, आणि ते चांगलेच झाले. पण गाजर गवताच्या रुग्णाला गोळीने फारसे काही होत नाही, मधमाशीच्या दंशाने कोसळणाऱ्याला तर गोळी वाचवतच नाही. त्याला लागते ते अ‍ॅड्रेनॅलिन, आणि नंतर विषाची इंजेक्शने. तिसरा आक्षेप मात्र सर्वांत गंभीर: सुटका चुकली तर माणूस मरेल. खरे आहे. म्हणूनच ही सुटका घरी करायची नसते. संशयित पदार्थ किंवा औषध कणाकणाने देत, हाताशी अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवून, तासन्‌तास समोर बसून जे पाहावे लागते तेच या डॉक्टराचे खास काम. बाकीचे इतर डॉक्टरही करू शकतात. आपल्याकडे ते बहुधा छातीचे, नाक-कान-घशाचे किंवा त्वचेचे डॉक्टर आपले काम सांभाळून करतात. त्यात वेळ फार जातो, पैसा थोडा मिळतो, आणि शेवटी रुग्णाला सांगायचे एवढेच असते की तुम्हाला काही नाही. मोठ्या पाटीचे दवाखाने या कामावर उभे राहत नाहीत.

पेनिसिलिनचे उदाहरण सर्वांच्या घरचे आहे. अमेरिकेत सुमारे दहा टक्के रुग्णांच्या कागदांवर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते, आणि तपासले तर त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांना पेनिसिलिन निर्धास्त देता येते. लहानपणी तापात अंगावर पुरळ आला, तो विषाणूचा होता, पण हातात बाटली पेनिसिलिनची होती. काहींना खरी अ‍ॅलर्जी होती पण दहा वर्षांत ती मावळली. कागदावरचा शेरा मात्र मावळत नाही. अशा रुग्णाला मग जास्त महागडी, जास्त व्यापक मारा करणारी प्रतिजैविके दिली जातात, आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या फायलीवर असा शेरा असेल तर तो स्वतः खोडू नका आणि गोळी घेऊन घरी पाहूही नका. पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो कधी, कशावरून आणि कोणी लिहिला हे विचारा, आणि तपासून घेण्याची सोय जवळच्या मोठ्या रुग्णालयात आहे का तेही विचारा.